व्लास्ताची हवापेटी

चांगल्या मनानं केलेल्या गाढवपणाला कुठल्याच कायद्यात शिक्षा नाही, आणि हाच या जगातला सगळ्यात मोठा अन्याय आहे. चोरानं गाडी फोडली तर पोलिसांत जाता येतं. शेजाऱ्यांनी हसत हसत फोडली आणि वर रिबीन बांधली, तर उलट आपल्यालाच त्यांना प्लमची दारू, स्लिवोवित्सा, पाजावी लागते.

व्लास्ता रविवारी दुपारी बसमधून उतरली तेव्हा तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी तिला तीन आठवडे गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडलं होतं. तिथं सकाळ-संध्याकाळ पाय शेकायचा, गंजक्या चवीचं पाणी प्यायचं आणि इतर बायकांच्या सुनांची निंदा ऐकायची, एवढाच उद्योग होता. येताना तिनं तिथल्या पातळ गोल वेफर्सचे चार डबे आणले होते. ते घेऊन ती घरी गेलीच नाही. काठी टेकत थेट इमारतींमागच्या गॅरेजांच्या रांगेकडे निघाली, कारण नवऱ्याला तिनं तीन आठवडे फोनवर रोज ऐकलं होतं, पण गाडी बघितली नव्हती.

गाडी म्हणजे पिवळी स्कोडा कूपे. दोन दारांची, मागे इंजिन असलेली, चाळीस वर्षांची. जूनच्या पहिल्या शनिवारी लिपोवाच्या घाटात जुन्या गाड्यांची चढणीची शर्यत असते, आणि तिथं ही गाडी गेली अठ्ठावीस वर्षं न चुकता गेली होती. चालवायचा तिचा नवरा, ओता. यंदा त्याच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी शरद ऋतूपर्यंत स्टिअरिंगला हात लावायला बंदी घातली होती. तेव्हा व्लास्तानं अर्जावर स्वतःचं नाव टाकलं. तिला घाट जिंकायचा नव्हता. ही गाडी आपण बनवली आहे हे गावानं एकदा तरी बघावं, एवढंच तिला हवं होतं. आणि तो शनिवार आता सहा दिवसांवर आला होता.

रांगेत शेगडी पेटलेली होती. लुबोर हातात चिमटा घेऊन सॉसेज परतत होता. हा लुबोर म्हणजे सेवानिवृत्त बसड्रायव्हर आणि रांगेचा अध्यक्ष. अध्यक्ष त्याला कुणी केलेलं नव्हतं, तो झालेला होता. शेजारी मोबाइलच्या दुकानातला कामिल, वय बेचाळीस, ज्याला मोटारींमधलं सगळं येतं, कारण त्यानं सगळं फोनवर बघितलेलं असतं. ओता एका उलट्या खोक्यावर बसला होता. आणि पिवळ्या गाडीच्या मागच्या झाकणावर हे एवढं मोठं लाल रिबिनीचं फूल होतं.

"डोळे मीट, व्लास्ता!" लुबोर ओरडला.

"गुडघा नवा आहे. डोळे मिटून चालले तर तोही जाईल. काय केलंत ते दाखवा."

"साठीची भेट!" कामिलला धीर निघत नव्हता. "आम्ही सगळ्यांनी मिळून. यंदा पहिल्यांदाच तू चढवणार ना घाट? म्हटलं, बाईमाणसाला जरा जास्तीची ताकद हवी. लाज नको जायला."

"कुणाची?"

"आँ?"

"लाज कुणाची जाणार होती, कामिल?"

"रांगेची, दुसऱ्या कुणाची!" लुबोर हसला आणि त्यानं झाकण उघडलं.

आत, जिथं अठ्ठावीस वर्षं व्लास्तानं बनवलेली, इंजिनाला गाळलेली हवा देणारी हवापेटी बसत होती, तिथं आरशासारखी चकचकीत वाकडी नळी होती आणि तिच्या टोकाला लालभडक शंकूसारखा फिल्टर. बाजारात मिळतो तसला, कुठल्याही गाडीला बसेल असं खोक्यावर छापलेला. त्याच्या भोवती काही नाही. झाकण नाही, आडोसा नाही, बाहेरची हवा आणणारी नळी नाही. तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर तो उघडाच बसवला होता. पेटीचा स्टँड होता तिथं ग्राइंडरनं कापल्याची ताजी पांढरी खूण होती. व्लास्ता त्या खुणेकडे बघतच राहिली.

"आवाज ऐक आधी!" कामिल गाडीत घुसला, किल्ली फिरवली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

गाडी डरकाळली. शेवटच्या गॅरेजपाशी झोपलेलं कुत्रं उठून पळालं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू त्यांनीच ती गर्जना केली. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे इंजिनांनाही लागू आहे, पण ते ऐकायला कान लागतात आणि पुरुषांचे कान आवाज मोठा झाला की बंद होतात. व्लास्ताला त्या डरकाळीच्या वरच्या टोकाला एक बारीकशी ढास ऐकू आली.

"जुनी पेटी कुठाय?" तिनं विचारलं.

"कुठली पेटी?" कामिल बाहेर आला. "ते भांडं? अगं, ते दुधाचं कॅन होतं, व्लास्ता! खरंच सांगतो. अर्धं कापलेलं दुधाचं कॅन आणि त्याला ती काळी रबरी नळी. आम्ही पोट धरधरून हसलो. म्हटलं, असलं भांडं लावून ओता इतकी वर्षं चषक आणत होता, म्हणजे माणूस किती भारी असेल!"

"कुठाय ते?"

"आज लोखंडी रविवार नाही का," लुबोर म्हणाला. "सकाळी सातलाच रस्त्याकडेला ठेवलं. अग्निशमनवाले घेऊन गेले."

लोखंडी रविवार वर्षातून एकदा येतो. गावातली अग्निशमनाची स्वयंसेवक मंडळी ट्रॅक्टर घेऊन फिरतात आणि लोक आपापल्या दारासमोर जुन्या बादल्या, शेगड्या, सायकली काढून ठेवतात. रस्त्याकडेला ठेवलं की ते त्यांचं झालं. कुणाचं, कशाचं, असं कुणी विचारत नाही. ते भंगार विकूनच त्यांचे पाइप येतात आणि वर्षाखेरीच्या मेजवानीचं डुक्करही येतं. आजवर व्लास्ताला ही पद्धत फार छान वाटायची.

"आणि काढायच्या आधी विचारलंत कुणाला?"

"म्हणजे काय! न विचारता हात लावू का दुसऱ्याच्या गाडीला?" लुबोरला खरोखरच राग आला. "आम्ही काही रानटी नाही. ओताला विचारलं. त्याचीच गाडी, त्यानंच बनवलेली. तो म्हणाला, काढा."

सगळ्यांनी ओताकडे बघितलं. ओता उठून शेगडीपाशी गेला होता आणि परतायची गरज नसलेलं एक सॉसेज परतत होता.

व्लास्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या तळपायाची आणि नव्या गुडघ्याचीही. ती चार शिव्या देऊ शकली असती, आणि तीस वर्षं गोठ्यांमध्ये काम केलेल्या बाईला शिव्यांचा तुटवडा नसतो. पण समोर चारचौघं कागदी ताटल्या धरून, तिच्या तोंडाकडे बघत, ती आता आनंदानं रडेल याची वाट बघत उभी होती. अशा वेळी शिवी दिली की शिवी देणारा वाईट ठरतो.

"ओता," ती म्हणाली, "घरच्या गाडीची किल्ली दे. मी चालवते. तू बस."

"सॉसेज तरी खा गं," लुबोर मागून म्हणाला. "बघा, थँक्यूसुद्धा म्हणाली नाही."

अग्निशमन केंद्राच्या अंगणात दोन ढीग होते. एक लोखंडाचा, दुसरा ॲल्युमिनियमचा. मातौश नावाचा त्यांचा ट्रॅक्टरवाला घाम पुसत बसला होता.

"दुधाचं कॅन? तीन आलीत," तो म्हणाला. "पण व्लास्ता, ॲल्युमिनियम आम्ही चाकाखाली घालतो. जागा कमी लागते."

तिनं ढिगात हात घातला. तिसरं तिचं होतं. रिव्हेटांवरून तिनं ओळखलं, चौतीस रिव्हेट, तिनं स्वतः एकेक ठोकलेले. पेटीची पोळी झाली होती. नळीचं तोंड फाटून आत दुमडलं होतं. ती ते हातात घेऊन तिथंच एका उलट्या न्हाणीच्या टबावर बसली.

"हे महत्त्वाचं होतं काय?" मातौश घाबरून म्हणाला. "आधी कुणी सांगितलं असतं तर..."

"हो. कुणी सांगितलं असतं तर," व्लास्ता म्हणाली आणि ओताकडे बघितलं. ओता केंद्राच्या भिंतीवरची सूचना वाचत होता. डोळ्यांना अजून धड वाचता येत नव्हतं, तरी वाचत होता.

तिनं पिशवीतून वेफर्सचा एक डबा काढून मातौशला दिला. दुसरा डबा तिनं तिथंच फोडला आणि एकामागून एक वेफर्स चावत राहिली. रांगेसाठी आणलेले होते. रांगेला आता काही मिळणार नव्हतं.

ती पेटी नुसतं भांडं नव्हतं. व्लास्ता सहकारी शेतीच्या डेअरीत दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायची. त्या यंत्रात सगळा खेळ हवेच्या ओढीचा असतो. नळी एक बोट लांब झाली, एक भोक बारीक झालं, की गाय लाथ मारते. म्हणजे चूक कळायला वेळ लागत नाही आणि चूक कुणाची यावर चर्चाही होत नाही. त्या वेळी बाजारात गाडीचे भाग मिळायचे नाहीत, मिळाले तर ओळखीनं. म्हणून तिनं डेअरीतून बाद झालेलं कॅन आणलं, अर्धं कापलं, आत ट्रॅक्टरचा फिल्टर बसवला आणि दुधाच्या यंत्राची जाड नळी मागच्या खिडकीलगतच्या जाळीपर्यंत नेली, म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा मिळेल. मग तीन हिवाळे ती कॅनची मान कापत आणि जोडत बसली. अंगठाभर कमी, अंगठाभर जास्त. तिसऱ्या हिवाळ्यानंतर गाडी लिपोवाच्या तिसऱ्या वळणावर अशी ओढायला लागली की ओता घरी येऊन म्हणाला, बाई, तू काय केलंस हे?

तेव्हा तो तसं म्हणायचा. पहिला चषक मिळाला तेव्हा कुणीतरी विचारलं, गाडी कुणी बनवली? ओता म्हणाला, आम्ही. व्लास्ता बाजूलाच उभी होती, तिला ते बरंच वाटलं. दुसऱ्या वर्षी लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, झकास बनवलीस, आणि तो नुसता हसला. तिसऱ्या वर्षी तो "मी" म्हणाला. खोटं बोलायचं म्हणून नाही, "आम्ही" म्हटलं की पुढं समजावून सांगावं लागतं, आणि ओताला समजावून सांगायचा कंटाळा. त्या रात्री व्लास्ता मूग गिळून गप्प बसली. घरातलं घरात, असं तिनं स्वतःला सांगितलं. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा बोलायचं कसं, हेच कळेनासं होतं. असे पंचवीस जून गेले.

परतीच्या वाटेवर पेटी मागच्या सीटवर होती.

"तू 'काढा' म्हणालास," व्लास्ता म्हणाली.

"त्यांचं मन मोडवेना गं. इतक्या हौसेनं आणलं होतं."

"आणि माझं?"

"मला वाटलं, तू दुसरी करशील. तुझ्या हातात आहे ते. तुला काय, दोन दिवसांचं काम."

"म्हणजे माझ्या हातात आहे, हे तुला ठाऊक आहे."

ओतानं सीटबेल्ट सरळ केला.

"मग त्यांना म्हणायचं, की तिला विचारा. एवढंच. 'तिला विचारा.' दोन शब्द, ओता."

"दोन शब्दांवर थांबलं असतं का ते?" ओता खिडकीबाहेर बघत म्हणाला. "विचारलं असतं, तिला का? मग सगळंच सांगावं लागलं असतं."

व्लास्तानं गाडी कडेला घेतली. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं प्रामाणिक वाक्य होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. म्हणजे याला रोज माहीत होतं. विसरला नव्हता, गैरसमज झाला नव्हता. दर जूनला चषक कपाटात ठेवताना, दर हिवाळ्यात तिला थंड सिमेंटवर गाडीखाली पडलेलं बघताना, याला माहीत होतं. आयत्या बिळावर नागोबा नुसता बसलेला नव्हता, बीळ कुणी खणलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"उतर," ती म्हणाली.

"इथं? घर दोन किलोमीटर आहे."

"तुझे डोळे बिघडलेत, पाय नाही."

तो उतरला. ती घरी पोचली, पेटी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली आणि हातोडीनं सरळ करता येईल का ते बघत बसली. येत नव्हती. धातू दुमडीवर तडकला होता.

सोमवारी तिनं पिवळी गाडी बाहेर काढली आणि ती एकटीच लिपोवाच्या रस्त्याला लागली. आधी डोळ्यांनी आणि कानांनी बघावं, मग बोलावं, ही तिची डेअरीतली शिस्त. पहिल्या वळणापर्यंत गाडी डरकाळत गेली. दुसऱ्या वळणावर डरकाळी तीच, पण वेग नाही. तिसऱ्या वळणावर गाडी खोकली, मागे फट्‌कन आवाज झाला आणि सायकलवरून चढणाऱ्या एका पोस्टमननं तिला मागं टाकलं. मागं टाकताना त्यानं हातही केला.

तिनं गाडी थांबवून मागचं झाकण उघडलं. लाल फिल्टरला हात लावला आणि लगेच मागं घेतला. इंजिनाचा सगळा उकाडा तो पोटात घेत होता. गरम हवा पातळ असते, तिच्यात दम नसतो. वर हवेचा रस्ता मोकळा झाला आणि पेट्रोल आहे तेवढंच, म्हणून मिश्रणही बिघडलेलं. घाटात तर याच्यापेक्षा दुधाचं यंत्र बसवलेलं बरं. आता काय करायचं तेही तिला तिथंच दिसलं. फिल्टर जाळीजवळ न्यायचा, मध्ये पत्र्याची भिंत घालायची, जाड नळी परत जोडायची आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट बदलायचं. चार दिवसांचं काम होतं. होणारं होतं.

पण ते काम करून शनिवारी गाडी चढवली, की लोक काय म्हणणार हेही तिला दिसलं. म्हणणार, बघा, ओताची गाडी आणि रांगेनं दिलेला फिल्टर. बाईनं नुसतं स्टिअरिंग धरलं, तरी किती पळाली. तिच्या हातून गाडी दुसऱ्यांदा निसटणार होती, आणि या वेळी सगळ्या रांगेत वाटली जाणार होती.

चार वाजता ती परतली. हा नवा फिल्टर लपूनछपून कुठं येऊ देत नाही. गाडी इमारतींपाशी वळली तेव्हाच गॅरेजांची दारं एकेक करून वर गेली आणि मंडळी बाहेर आली. ओता आधीच तिथं होता, खोक्यावर. काल रात्रीपासून तो घरात कमी आणि खोक्यावर जास्त होता.

व्लास्तानं गाडी रांगेसमोर उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. मागचं झाकण उघडलं. तो गोंगाट सगळ्या भिंतींवर आपटत होता.

"कशी पळाली?" कामिल ओरडला.

"पोस्टमननं मागं टाकलं!" व्लास्ता ओरडली.

"कसं शक्य आहे? ऐक ना, केवढा आवाज आहे!"

"आवाज घाट चढतो, गाडी चढत नाही!"

लुबोरनं वाकून आत बघितलं, डोकं हलवलं. बसमध्ये इंजिन पुढं असो की मागं, त्यानं आयुष्यात झाकण उघडलं नव्हतं, तरी त्याचं निदान झालं. "कार्बोरेटर जुळवून लावायला हवा!" त्यानं जाहीर केलं. "नवा फिल्टर बसवला की तेवढं करावं लागतं. दोन मिनिटांचं काम. व्लास्ता, तू हो बाजूला. ओता! ये इकडे, तुझी गाडी आहे, तुलाच कळणार!"

व्लास्ताला उत्तर द्यावंसं वाटलंच नाही. ती गॅरेजात गेली, बाकावरचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, बाहेर आली आणि त्याची मूठ ओताकडे करून धरली.

"घे," ती म्हणाली. "बोलावतायत तुला."

ओता उठला. सगळे त्याला वाट करून देत होते. कामिलनं तर फोन काढला, उस्ताद कसा लावतो ते टिपून घ्यायला. ओतानं स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि तो इंजिनावर वाकला. कार्बोरेटरला पाच-सहा स्क्रू दिसतात. त्यातला एकच इंजिनाचा श्वास बदलतो, बाकीचे झाकणं धरून ठेवतात. ओतानं टोक एका स्क्रूजवळ नेलं. मग दुसऱ्याजवळ. व्लास्ताकडे बघितलं. ती काठी कोपराला अडकवून हाताची घडी घालून उभी होती. एरवी तिनं भुवईनं खूण केली असती. अठ्ठावीस वर्षं ती भुवईनंच खुणा करत आली होती. आज तिचा चेहरा दगडाचा होता.

त्यानं तिसऱ्या स्क्रूवर टोक ठेवलं. तो झाकणाचा होता. इंजिन डरकाळत होतं आणि सगळे थांबले होते. मग त्यानं टोक उचललं, सरळ उभा राहिला आणि ओठ हलवले. काहीतरी बोलला. त्या गोंगाटात ते कुणालाही ऐकू आलं नाही, आणि ऐकू येणार नाही याची त्यालाही खात्री होती.

"काय म्हणाला?" कामिलनं कानामागे हात धरला.

"उजवीकडे फिरवायचा म्हणाला!" लुबोर म्हणाला.

व्लास्तानं मात्र ओठ वाचले होते. इतक्या वर्षांनी त्याला बोलायला हाच गोंगाट सापडला! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती गाडीच्या दारापर्यंत गेली, आत हात घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन बंद पडलं. एकदम इतकं शांत झालं की तापलेल्या धातूचा टिकटिक आवाज ऐकू यायला लागला.

"आता म्हण," ती म्हणाली.

"व्लास्ता, घरी बोलू..."

"घरी मला माहीत आहे. यांना सांग."

ओतानं रांगेकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. ऑपरेशननंतरच्या लाल डोळ्यांनी तो म्हाताऱ्यासारखा दिसत होता, आणि व्लास्ताला त्याची थोडी दयाही आली. पण थोडीच. ती हलली नाही.

"कुठला स्क्रू ते मला माहीत नाही," ओता म्हणाला.

लुबोर हसला. "काय थट्टा करतोस!"

"थट्टा नाही. मला कधीच माहीत नव्हतं. गाडी तिनं बनवली. इंजिन, ती पेटी, सगळं. मी फक्त चालवली." त्यानं स्क्रू ड्रायव्हर झाकणावर ठेवला. "आणि तुम्ही विचारायला आलात, तेव्हा मी 'काढा' म्हणालो. मला माहीत होतं तिनं ती पेटी कशी केली होती."

कामिलनं फोन हळूच खिशात घातला. व्लास्ताला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. उलट तिला नवाच राग आला. एवढंच होतं! चार वाक्यं! एक सॉसेज खायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही, आणि त्यासाठी तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती.

लुबोर तिच्याकडे वळला. त्याला काहीतरी बोलणं भागच होतं, अध्यक्ष होता. "पण मग व्लास्ता," तो दुखावल्यासारखा म्हणाला, "तू इतकी वर्षं बोलली का नाहीस? आम्हाला कसं कळणार?"

"माझं गॅरेज तुझ्या गॅरेजला लागून आहे, लुबोर," व्लास्ता म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. "अठ्ठावीस हिवाळे गाडीखालून माझे पाय बाहेर दिसत होते. माझे! या माणसाचे कधी दिसले? तू रोज त्या पायांना ओलांडून जायचास आणि आत बसलेल्या ओताला विचारायचास, काय रे, कुठवर आलं काम? कॉफी पीत बसलेल्या माणसाला! आणि मी बोलले नाही म्हणतोस?"

लुबोरला ते पाय आठवत होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. निळी पँट, लोकरीचे मोजे. त्यानं टोपी काढली, परत घातली, परत काढली. कामिल त्या लाल शंकूकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी आणला आहे.

शेवटी लुबोर खाकरला.

"व्लास्ता," तो म्हणाला, आणि तिच्याशी नव्यानं ओळख होत असल्यासारखा अवघडून उभा राहिला. "गाडीला काय झालंय?"

तिनं उत्तर द्यायची घाई केली नाही. आधी बाही वर केली, मग काठी ओताच्या हातात दिली, आणि मग इंजिनावर वाकून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.